कापडावरचा दर्या

कासव बुडतं. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातात नळाच्या पाण्याची भरलेली बादली होती आणि त्यातलं निम्मं पाणी मी आमच्या घरमालकाच्या पायांवर सांडलं. कासव हे पाण्यातलं जनावर, ते बुडेल कसं? मी तोंडाळ होतेच. म्हटलं, काका, सकाळी सकाळी लावून आलात की काय? त्या माणसानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता, पण रागावले नाहीत. खिशातून तापमापक काढला, उरलेल्या बादलीत बुडवला, डोळ्यांजवळ धरून "सव्वीस" म्हणाले आणि ओल्या पायांनीच शेजारच्या बिऱ्हाडाची बादली मोजायला गेले.

त्यांना सगळी चाळ तांडेलकाका म्हणायची. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, कुठे जायचं आणि जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारा. ते मूळचे कशेळीचे, खाडीकाठचे. तरुणपणी मुंबईच्या बंदरातून ट्रॉलर चालवायचे. पुढे कशेळीची जमीन गोदामांना गेली, पैसा आला, त्यातून त्यांनी भिवंडीत बारा खोल्यांची चाळ बांधली. कुणी शेठ म्हटलं की तोंड फिरवायचे. अंगावर कायम एकच खाकी अर्धी चड्डी आणि बनियन, भाडं मागायला येतानासुद्धा. नवीन भाडेकरू त्यांना चाळीचा गडी समजून जिना झाडायला सांगायचे, आणि ते झाडायचेही.

त्या तापमापकाची वेगळीच गोष्ट होती. आधी त्यांनी औषधाच्या दुकानातून तापाचा तापमापक आणला आणि बहिणीच्या मुलाला, म्हणजे त्यांच्या भाच्याला, दिला. भाचाही ट्रॉलरवर तांडेल होता. म्हणाले, दर्याच्या पाण्यात धर आणि काय येतं ते सांग. महिनाभर त्यातला पारा जागचा हलला नाही. पाण्याला ताप असल्याशिवाय तो चढणार कसा, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. शेवटी कोन गावच्या एका दूध डेअरीवाल्याकडून त्यांनी दोन लांब तापमापक मिळवले, एक बोटीवर गेला आणि दुसरा यांच्या खिशात राहिला. मग आमच्या टाक्या, बादल्या, एकदा तर माझ्या आईनं ओतलेला चहासुद्धा त्यांनी मोजला. आई दोन दिवस धुसफुसत होती.

दुसरी खोड त्यांच्या प्रश्नाची. बाजारातून पिशवी घेऊन येणाऱ्या कुणालाही अडवायचे आणि विचारायचे, "नको तं काय आलं?" लोक म्हणायचे, अहो, पाहिजे तेच आणलंय. त्यावर ते मान हलवायचे. असं कधी होतच नाही, त्यांचं म्हणणं. मेथीच्या जुडीत गवत येतं, तांदळात खडे येतात. माझ्या मावशीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, तिलाही त्यांनी हेच विचारलं. ती म्हणाली, सासू. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना खदखदून हसताना पाहिलं. मासळीबाजारात मात्र त्यांच्याबरोबर जायची सोय नव्हती. टोपलीत बोटाएवढी पापलेटं दिसली की कोळणीसमोर उकिडवे बसून विचारायचे, ही कुनाची पोरं उचलून आनलीस? ती शिव्या द्यायची, हे शांतपणे ऐकून घ्यायचे.

वेडा म्हातारा, पैसा झाल्यावर लोकांना असली थेरं सुचतात, असंच माझं मत होतं. मी तेव्हा एका लूमच्या कारखान्यात चेकिंगला होते. विणून आलेलं कोरं कापड तपासायचं, खोट दिसली की खूण करायची, सुटलेले धागे कातरायचे. आमचे शेठ कोकणी मुसलमान, घरात आणि कारखान्यात मराठीच बोलायचे, कारागिरांशी तेवढं हिंदी. एक दिवस तांडेलकाका त्यांच्याकडे आले आणि त्यांनी एक चमत्कारिक ऑर्डर दिली. बारा हात कोरं कापड पाहिजे, त्यात उभे दहा निळसर पट्टे सारख्या अंतरावर, आणि आडव्या बारीक रेघा. शेठनी विचारलं, कशाला, पडदे करायचेत का? काका म्हणाले, दर्या करायचाय.

मी फिसकन हसले. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि जे सांगितलं त्यानं माझं हसू जे गेलं ते त्या दिवशी परत आलं नाही.

त्यांच्या लहानपणी जाळं हातानं ओढायचे. त्यात कासव आलं की ते जिवंतच असायचं. कासव म्हणजे देव. त्याला हळदकुंकू लावायचं, पाया पडायचं आणि सोडून द्यायचं. बोटीवर कुंकवाची पुडी त्यासाठीच ठेवतात. पुढे इंजिनाची बोट आली, जाळं तीन-तीन तास पाण्याखालून ओढायला लागले, पण पुडी तशीच राहिली आणि रीतही तशीच राहिली. एक दिवस यांनी कुंकू लावून सोडलेलं कासव दगडासारखं सरळ खाली जाताना बघितलं. दुसरं लावलं, तेही गेलं. कासवाला नाकानं श्वास घ्यायला वर यावं लागतं, जाळ्यात ते गुदमरून मरतं, हे तांडेल झालेल्या माणसाला तोवर ठाऊक नव्हतं.

"इतकी वर्षं आमी मेलेल्याला कुंकू लावीत व्हतो," ते म्हणाले, "आन घरी जाऊन सांगत व्हतो, देव सोडला."

त्यानंतर त्यांनी दर्या सोडला. मी हादरले. मला ते कासव दिसत राहिलं, कपाळावर कुंकू लावलेलं आणि खाली जाणारं. त्या रात्री जेवण गेलं नाही, हे मी आईला सांगितलंही नाही.

दर्या सोडला तरी डोक्यातून गेला नव्हता. सरकारी कचेरीतून बंदरावर कागद यायचा. उपग्रहानं वरून बघितलेला समुद्र, पाणी कुठे गरम, कुठे थंड, मासा कुठे सापडेल. बाकी सगळे तो मासा धरायला वाचायचे. भाचा तोच कागद आमच्या कारखान्याच्या फॅक्सवर पाठवायचा आणि काका तो उलट कामासाठी वाचायचे, जाळं कुठे टाकू नये त्यासाठी. बंदरावरच्या पाचसात बोटींकडून भाचा विचारून आणायचा, कुठे काय नको ते आलं, कासव, डॉल्फिन, बारकी पिल्लं. फॅक्सचा कागद महिन्याभरात कोरा पडतो. म्हणून ते कापड.

ते कापड त्यांनी आमच्या चाळीच्या व्हरांड्यात मधोमध टांगलं. येताजाता प्रत्येकाला वाकून जावं लागायचं. उजवी कड म्हणजे किनारा, तिथून एकेक पट्टा आत आत, डावी कड म्हणजे खोल दर्या, आडव्या रेघा म्हणजे उत्तर-दक्षिण किती ते. पाणी बदललं तिथे निळा टाका. कासव आलं तिथे लाल टाका, आणि मागे गाठ. मेलेलं असेल तर गाठीचा धागा जवळून कापायचा. जिवंत सुटलं असेल तर धागा बोटभर लांब सोडायचा. लांब धागे फार थोडे होते. सुया मी ओवून द्यायचे, बडबड करत का होईना.

दीड-दोन वर्षांत त्या कापडावर जे उमटलं ते बघून आमचे शेठही तोंडात बोट घालून उभे राहिले. लाल टाके कुठेही नव्हते. गरम पाणी आणि थंड पाणी जिथे भेटतं, त्या निळ्या टाक्यांच्या रेघेलाच ते चिकटून होते. रेघ सरकली की तेही सरकत होते. "जाल्याला डोलं न्हाईत, आपल्याला हायत," काका म्हणायचे. त्या रेघेपासून दोन-तीन पट्टे लांब राहा, एवढंच त्यांचं सांगणं. गोची अशी होती की मासाही त्या रेघेवरच जास्त असतो. लांब राहायचं म्हणजे जाळं थोडं हलकं येणार. कुठला तांडेल ते ऐकेल?

भाच्यानं ऐकलं. एक हंगाम. मामा सांगतील त्याच पट्ट्यावर जाळं टाकीन, असा शब्द त्यानं दिला. बंदरावरचे लोक त्याची टिंगल करत होते, पण बघतही होते. हंगाम नीट पार पडला तर आणखी चार बोटी यायला तयार होत्या. नाही पडला तर म्हाताऱ्याचं कापड पायपुसण्याला, हे त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. काकांनी सगळा जीव त्या एका हंगामावर लावला होता. पहिले तीन महिने भाच्याच्या बोटीचा एकही लाल टाका पडला नाही. मी पेढे मागितले, तर म्हणाले, हंगाम संपू दे.

आणि त्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं दाराची चौकट तेवढी दिसायची. त्याच दिवशी बोट निघणार होती. मी फॅक्स आणला, त्यातले आकडे वाचून दाखवले, त्यांनी खाटेवर पडल्या पडल्या सांगितलं, अमक्या आडव्या रेघेवर जा, निळा टाका घाल, आणि लाल टाक्यांपासून लांबचा पट्टा कितवा तो किनाऱ्याच्या कडेपासून मोजून भाच्याला फोनवर सांग. सोपं काम. मी रोज हजार हात कापड तपासणारी बाई.

तिथेच माती खाल्ली. आम्हा चेकिंगवाल्यांचा हात आधी कापड उलटतो. खोट मागून दिसते, गाठी मागे असतात, धागे मागे लोंबतात. मी सवयीनं त्या कापडाच्या मागे गेले, गाठी बघितल्या, उजव्या कडेपासून पट्टे मोजले. मागून बघितल्यावर उजवी कड किनाऱ्याची राहत नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. खरा पट्टा होता आठवा. मी मोजला तिसरा. आणि किनाऱ्याकडून तिसऱ्यावरच त्या दिवशी दोन पाण्यांची रेघ होती.

कारखान्यातून फोन लावला. भाचा म्हणाला, ताई, तिसरा? तिसऱ्यावर तर... मी त्याला बोलू दिलं नाही. म्हटलं, मी स्वतः मोजलाय, मला शिकवू नका.  मग तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

पाच दिवसांनी दुपारी तो चाळीत आला. बंदरावरून थेट, अंगाला मासळीचा वास, पायांत चपला तशाच. काका खाटेवर बसून होते, मी त्यांच्या डोळ्यात औषध घालत होते. त्यानं कुंकवाची पुडी त्यांच्या मांडीवर आदळली. न फोडलेली. म्हणाला, एका ओढीत पाच कासवं, पाचही मेलेली, लावायला एकही जिवंत नव्हतं. सगळ्या बंदरानं बघितली. लोक म्हणाले, म्हाताऱ्यानं कासवं वाचवायची का मारायची विद्या काढलीय?

 काका उठले, भिंतीला धरून व्हरांड्यात गेले, कापडाच्या समोरच्या बाजूला उभं राहून बोटांनी पट्टे चाचपले. एकदा उजवीकडून. मग थांबून डावीकडून. डावीकडून मोजताना त्यांचं बोट तिसऱ्यावर थांबलं, मागून माझं थांबलं होतं तिथेच, आणि त्याच क्षणाला मलाही सगळं कळलं.  मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. आयुष्यभर तोंडाळ म्हणून मिरवलेली मी.

"चूक माझी," काका भाच्याला म्हणाले. "डोल्याला पट्टी, त्यात मीच उलटं सांगितलं हिला."

भाचा माझ्याकडे बघत होता. मी खाली बघत होते. तो म्हणाला, मामा, आता माझ्या बोटीवर तुमचं कापड नको. आणि गेला.

काकांनी लाल धागा मागितला. मी सुई ओवून दिली. किनाऱ्याकडून तिसऱ्या पट्ट्यात, खालच्या रिकाम्या जागेत, ते चाचपडत एका ओळीत टाके घालायला लागले. मला ते बघवेना, मी दुसऱ्या टाक्यालाच घरात निघून गेले. नंतर दोनदा मी त्यांना खरं सांगायला गेले. पहिल्यांदा ते म्हणाले, टाकीचं पानी बघून ये. दुसऱ्यांदा म्हणाले, माझ्या कापडातच खोट व्हती, मानूस चुकनारच, कापडानं चुकू देऊ नये. आणि किनाऱ्याच्या कडेला त्यांनी काथ्याची जाड दोरी शिवून घेतली, डोळे मिटले तरी हाताला कळावी अशी. मला बोलायला जागाच ठेवली नाही.

आठ दिवस मी तसेच काढले. मग शेठकडून सुट्टी घेऊन बंदरावर गेले. भिवंडीत जन्म गेला, खाडीपलीकडे पाणी बघितलं नव्हतं. भाचा जाळं शिवत बसला होता. मी समोर उभी राहून एका दमात सगळं बोलून टाकलं, मागून मोजलं, तुमच्या मामांचा काही दोष नाही, मला काय बोलायचं ते बोला.

त्यानं सुई खाली ठेवली नाही. म्हणाला, "ताई, तुमी तिसरा म्हनालात तवाच मना कळलं, तुमी चुकलाव. मामा मरंल पन तिसरा सांगनार न्हाय."

मग गेलात कशाला, मी विचारलं.

"तिथं मासा व्हता," तो म्हणाला.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. तीन महिने हलकं जाळं ओढून खलाशी कुरकुरत होते, टिंगल चालली होती, आणि अशा वेळी माझी चूक त्याच्या पदरात आयती पडली होती. पाचही कासवं त्यानं स्वतःच्या हातानं बाजूला केली होती. पहिलं वर आलं तेव्हाच कळलं काय करून बसलो ते, तो म्हणाला, आणि मग मामांसमोर पुडी आदळली, कारण ओरडलं नसतं तर रडू आलं असतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. धक्का मात्र गेला नाही. दोन चोर एका म्हाताऱ्याच्या पांघरुणाखाली बसलो होतो.

मामांना दोघांनी मिळून सांगू, असं मी म्हटलं. तो म्हणाला, नको. भाच्यानं जाणूनबुजून केलं हे कळलं तर म्हातारा जगायचा नाही. मला ते पटलं, किंवा मी पटवून घेतलं.

पुढच्या खेपेला त्याचा फोन आला. पट्टा कितवा? काकांनी कसं काय, का, काही विचारलं नाही. मी दोरीच्या कडेपासून दोनदा मोजून सांगितलं. कापडाच्या मागे मी त्यानंतर कधी गेले नाही, शपथच घातली होती स्वतःला. तो हंगाम पार पडला, पण चार बोटी काही आल्या नाहीत. त्यांना यायला आणखी तीन वर्षं लागली, तीही एकेक करून. त्या तीन वर्षांत त्या बोटींना जे काही नको ते आलं असेल, त्यातलं थोडं माझ्या नावावर आहे. हे मी विसरत नाही.

काका गेले तेव्हा सगळी चाळ जमली होती. मासळीबाजारातली ती शिव्या देणारी कोळीणही आली होती. त्यांच्या खिशात तापमापक सापडला. दहा दिवसांनी भाचा कापड न्यायला आला. आता बंदरावरच्या मच्छीमारांच्या सोसायटीत टांगणार होते. आम्ही दोघांनी ते दांडीवरून उतरवलं आणि व्हरांड्यात पसरलं. तिसऱ्या पट्ट्यातली ती खालची ओळ आम्हा दोघांनाही बघायची नव्हती आणि दोघांचीही नजर तिथेच गेली. त्यानं बोट ठेवून मोजलं. मग परत मोजलं.

"ताई, कासवं पाच व्हती," तो म्हणाला. "हे सात टाके हायत."

आंधळेपणी घातलेत, चुकून जास्त पडले असतील, मी म्हटलं. आणि इतक्या वर्षांनी कापड उलटलं.

मागे सात लाल गाठी होत्या. पाच जवळून कापलेल्या. शेवटच्या दोन गाठींचे धागे मात्र बोटभर लांब सोडलेले होते, जिवंत सुटलेल्यांचे सोडतात तसे.

भाचा हुंदका देऊन बाजूला वळला.  म्हणजे त्यांना माझं ठाऊक होतं, याचंही ठाऊक होतं, पहिल्यापासून. दोघांपैकी कुणालाही त्यांनी कधी विचारलं नाही, नको तं काय आलं.

सुटलेला धागा दिसला की तो कातरायचा, हे माझं वीस वर्षांचं काम. माझा हात सवयीनं कमरेच्या कातरीकडे गेला होता. तो मी परत घेतला आणि कापड सरळ करून भाच्याच्या खांद्यावर दिलं.